मदत हवी आहे: व्हेपोरायझर घेताना कंडक्शन निवडावे की कन्व्हेक्शन?

नमस्कार. मी जर्मनीत राहतो. मज्जातंतूंच्या जुन्या दुखण्यासाठी येथील डॉक्टरांनी मला गांजाची वाळलेली फुले लिहून दिली आहेत. 2017 पासून ती येथे चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात मिळतात. धूर टाळायचा असल्यामुळे मी व्हेपोरायझर, म्हणजे फुले न जाळता नुसती तापवून त्यांची वाफ ओढायचे यंत्र, वापरतो.

सध्याचे यंत्र खिशात मावणारे आणि कंडक्शन पद्धतीचे आहे, म्हणजे तापलेल्या भांड्याला टेकून फुले तापतात. तव्यावर शेंगदाणे न हलवता भाजले तर जे होते तेच येथे होते: कडेचा चुरा काळपट पडतो, मधला हिरवाच राहतो आणि मध्येच झाकण उघडून तो ढवळावा लागतो. शिवाय दोन झुरक्यांच्या मधल्या वेळातही भांडे गरमच असल्याने औषध वाया जाते, हे मला अधिक खटकते.

कन्व्हेक्शनमध्ये गरम हवाच चुऱ्यातून जाते, त्यामुळे तो बराच समान तापतो. मात्र श्वास जोरात ओढल्यास तापमान उतरते, असे वाचले आहे. टुटलिंगेन येथील श्टोर्त्स उंड बिकेल या कंपनीचे टेबलावरचे व्होल्केनो गरम हवेवर चालते, तर त्यांचेच हातात धरायचे मायटी दोन्ही पद्धती एकत्र वापरते.

माझी मात्रा एका वेळी जेमतेम 0.1 ग्रॅम आहे. इतक्या कमी चुऱ्यासाठी, 180 ते 190 अंश सेल्सिअसवर, मिश्र पद्धत पुरेशी ठरते का, की टेबलावरचेच यंत्र घ्यावे? दोन्ही वापरलेल्यांनी कृपया सांगावे.