सल्ला हवा: छोट्या आरा मशीनसाठी सागाचे ओंडके कुठून घ्यावेत? (बजेट 3 लाख, जीएसटी धरून)

करवत_रेरोड
नमस्कार मंडळी. मुंबईत रे रोडला काकांच्या नावावरची आरा मशीन आहे, 36 इंची चाकाची, परवाना चालू. गिऱ्हाईक जास्त करून दाराच्या चौकटींचं, 5 × 2.5 इंच. जवळच्या दारुखाना भागातला नेहमीचा व्यापारी सागाच्या ओंडक्याला 1,900 रुपये घनफूट सांगतोय, वर जीएसटी. एका खेपेला सगळं मिळून 3 लाखांच्या वर जमणार नाही. पावसाआधी माल आत हवा. कुठून घ्यावा, आणि मापात काय बघावं?

बल्लारशाह_पॅसेंजर
डोळे मिटून बल्लारशाह. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाला तोड नाही. अयोध्येच्या मंदिराच्या दारांना लाकूड इथूनच गेलं, 2023 साली. सरकारी ई-लिलावाला नाव नोंदवा, अनामत भरा, पण बोली लावण्याआधी आगारात जाऊन थप्पी बघाच. यादीतला नंबर आणि ओंडक्याच्या कापावरचा सरकारी हातोड्याचा ठसा जुळवून घ्या. दोन्ही तोंडं बघा, एकच बघितलं तर पोकळ नग गळ्यात पडतो. उचलायच्या मुदतीत गाडी लागली नाही तर जागाभाडं चढतं. चौकटीसाठी घेताय असं जाहीरपत्र द्या म्हणजे टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) कापणार नाहीत. 10 घनमीटरच्या खालचा लॉट घेऊ नका, गाडीभाडं परवडत नाही.

घेर_आणि_लांबी
10 घनमीटर म्हणजे 353 घनफूट. त्यांच्याच 1,900 च्या भावाने पावणेसात लाख, जीएसटी वेगळा. बजेट 3 लाख लिहिलंय हो साहेब.

बल्लारशाह_पॅसेंजर
चांगल्या मालाला बजेट वाढवावं लागतं.

कांडला_कंटेनर
देशी सागाच्या मागे का लागता? गुजरातेत कांडला बंदराजवळ गांधीधामला घाना, टांझानिया, इक्वेडोर, पनामा, सगळीकडचा साग पडलेला असतो. 1 एप्रिल 2014 पासून म्यानमारने ओंडके सोडणं बंद केलं, तेव्हापासून बाहेरचा माल मुख्यतः आफ्रिका आणि मध्य-दक्षिण अमेरिकेतून येतो. दोघा-तिघांत मिळून एक कंटेनर घ्या. आम्ही कायम तसंच घेतो, भाव नक्की खाली येतो.

घेर_आणि_लांबी
लागवडीचा कोवळा साग चौकटीला घेताना आधी घेर विचारा. 24 इंच घेराचा ओंडका म्हणजे व्यास 7.6 इंच. दोन्हीकडून एकेक इंच पांढरं (सालीलगतचं कच्चं लाकूड) काढलं की पक्कं लाकूड उरलं साडेपाच-पावणेसहा इंच. 5 × 2.5 चा कर्णच 5.6 इंच येतो. म्हणजे एका ओंडक्यातून चौकटीचा एकच नग, आणि त्याच्या बरोब्बर मध्ये मऊ गाभा. तो नग वाळताना चिरतो. अशा मालातून पट्ट्या काढा, चौकट नको. चौकटीला किमान 40 इंच घेर हवा.

आता मापाचं. आपल्याकडचं घनफूट म्हणजे चौथाई घेराचं: घेर इंचात घ्या, 4 ने भागा, वर्ग करा, लांबीच्या फुटांनी गुणा, 144 ने भागा. 48 इंच घेर, 10 फूट लांबी, बरोबर 10 घनफूट. खरं लाकूड त्यात 12.7 घनफूट असतं, पण कडेच्या फळ्या-भुसा जाणारच म्हणून ही रीत. फसवणूक सूत्रात नसते, टेप कुठे लावली त्यात असते.

बुंध्याला 60 आणि शेंड्याला 36 असेल तर व्यापारी सरासरी 48 लिहितो, 10 घनफूट. बुंधा फुगीर असला की मध्यावर टेप लावून घेर 45 च भरतो. हिशोब करा, 8.8 येतात. टेप नेहमी मध्यावर, आणि तिथे गाठ असेल तर गाठीच्या दोन्ही बाजूंना लावून सरासरी. सालीवरून माप घेतलं तर आणखी फटका: अर्धा इंच जाड साल असली तर घेरातून 3.14 इंच जातात, 48 चे पावणेपंचेचाळीसच्या वर थोडे, म्हणजे 8.7 घनफूट. हातभर साल मध्यावर सोलून घेतल्याशिवाय भाव बोलू नका.

सागाच्या बुंध्याला पन्हाळीसारख्या खोलगट खाचा असतात. टेप त्यांच्यावरून ताणून जाते आणि आतल्या हवेचे पैसे तुम्ही भरता. अशा बुंध्याचे पहिले दोन फूट लांबीतून सोडायला लावा.

डोंबिवलीकर72
टेप कसली, सुतळी लावायची. सुतळी खाचेत बसते.

घेर_आणि_लांबी
सुतळी ताणते. स्टीलची टेप लावा.

डोंबिवलीकर72
पन्नास वर्षं रे रोडला सुतळीवर धंदा झालाय.

पाटीलबुवा_वाडा
मुंबईत बसून बल्लारशाह आणि गांधीधाम कशाला? वाडा, विक्रमगड, जव्हार, मालकी साग दोन-तीन तासांवर आहे. शेतकऱ्याकडून उभी झाडं घ्या, निम्म्यात पडतं.

रंधा
अर्धंच सांगताय बुवा. तोडीची परवानगी कोण काढणार? आणि त्या भागात सातबारा आदिवासी खातेदाराचा असेल तर झाडं थेट सौद्यात घेताच येत नाहीत, 1969 चा कायदा आहे, विक्री सरकारी यंत्रणेमार्फतच होते. मालकी साग घ्यायचाच तर तोडलेला, हातोडा पडलेला, वाहतूक परवान्यासह घ्या. परवान्यावरचे नग, लांबी, घेर, गाडी नंबर आणि मुदत तपासा. परवान्याची मुदत काल संपली आणि गाडी आज नाक्यावर असेल तर अडकलात. आरा मशीनच्या आवक-जावक वहीत त्याच दिवशी नोंद करा, कारण तपासणीला आलेला माणूस आधी वही मागतो, लाकूड नंतर बघतो.

पाटीलबुवा_वाडा
ते सगळं होतं हो. ओळख लागते.

मशीनवाला_भिवंडी
36 इंची मशीनवर किती कापणार? 48 इंची घ्या, ट्रॉली घ्या, मग कंटेनर परवडेल. माझा उतारा (ओंडक्यातून निघणारं चिरलेलं लाकूड) 75 टक्के आहे.

रंधा
परवाना ज्या मशीनचा आहे तीच चालवायची. क्षमता वाढवायची तर लाकूड उद्योगांच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे राज्यस्तरीय समितीपर्यंत फाइल जाते. आणि 75 टक्के कशावर? चौथाई घेराच्या घनफुटावर असेल तर खऱ्या लाकडावर तो 59 टक्केच झाला.

मशीनवाला_भिवंडी
75 म्हणजे 75.

कांडला_कंटेनर
बाहेरच्या मालात घनमीटर कुठला ते आधी लिहून घ्या. चौथाई घेराचा घनमीटर असेल तर 35.3 घनफूट. खरा घनमीटर असेल तर आपल्या मापात 27.7 च भरतात. याच एका ओळीवर भांडणं होतात. शिवाय घेरात आणि लांबीत किती सेंटिमीटर सूट धरली तेही.

डोंबिवलीकर72
सागाचा हट्ट सोडा. पावसाळ्यात मुंबईत रेन ट्री किती पडतात! फुकटात.

रंधा
फुकट नाही, परवानगी आणि कंत्राट असतं. शिवाय रस्त्याकडेच्या झाडात खिळे, तारा, जाहिरातीच्या पाट्यांचे स्क्रू, कधी कुंपणाचं सिमेंटही. कापावर निळसर-काळा डाग दिसला की आत लोखंड आहे समजा. हातातलं मेटल डिटेक्टर चारही बाजूंनी फिरवल्याशिवाय पातं लावू नका. आणि रेन ट्रीच्या चौकटी घ्यायला तुमचं गिऱ्हाईक येणार नाही.

घेर_आणि_लांबी
करवत, तुमच्या आकड्यावर येतो. 3 लाखांतून 18 टक्के जीएसटी काढला तर मालाला उरले 2,54,000. 1,900 ने 133 घनफूट. जीएसटीचं क्रेडिट मिळेल, पण रोख तर आज अडकते. 65 टक्के उतारा धरला तर चिरलेलं घनफूट 2,923 ला पडलं, हमाली आणि चिराई वेगळी. हा आकडा समोर ठेवून बाकी सगळे भाव तपासा. पोकळ नग असेल तर सळई घालून खोली बघा. 4 इंची पोकळी 10 फूट गेली असेल तर किमान 1.1 घनफूट मापातून वजा करायला लावा. सालीखालच्या बारीक चिरा तिरप्या जात असतील तर लाकडाला पीळ आहे, त्याची चौकट वाळल्यावर वळणार. तो नग बाजूला ठेवा, स्वस्तात दिला तरी.

बल्लारशाह_पॅसेंजर
हेच मी म्हणत होतो. दोन्ही तोंडं बघा. बल्लारशाहला.

करवत_रेरोड
सगळ्यांचे आभार. मध्यावर टेप आणि साल सोलणं लिहून मशीनजवळ चिकटवलंय.

या खेपेला ओंडके घेतलेच नाहीत. माझगावला एक चाळ पाडली, तिच्या सागाच्या तुळया घेतल्या. 5 × 7 इंच, 12 फुटी, 40 नग. भिंतीत गेलेली टोकं कुजकट होती, म्हणून दोन्हीकडून 9-9 इंच सोडून साडेदहा फुटांचंच माप धरायला लावलं. एकूण 102 घनफूट, 2,200 ने, बिलासह. जीएसटी धरून 2,65,000. साल नाही, पांढरं जवळजवळ नाही, वाळलेलं लाकूड. 7 इंचांतून अडीचचे दोन नग आणि वर दीड इंची पट्टी निघते. वरचं पाव इंच सफाईत गेलं तरी 85 टक्के उतारा धरतोय, म्हणजे चिरलेलं घनफूट 2,590 च्या आसपास.

रंधा
खिळे?

करवत_रेरोड
एका तुळईत नऊ निघाले. चौकोनी, हातघडीचे. डोकं तुटलेलं, म्हणून वरून दिसत नाहीत, डाग बघूनच सापडतात. खिळे काढायला माणूस वेगळा ठेवलाय, नगावर मजुरी.

घेर_आणि_लांबी
5 × 2.5 मागणाऱ्याला रंधल्यावर पावणेपाचच भरेल, आधी सांगून ठेवा. आणि या मालाची वहीत नोंद जुन्या लाकडाची वेगळी करा, पाडकामाचं बिल सोबत टाचून.

डोंबिवलीकर72
तुळईला तरी सुतळी लावली का?

मशीनवाला_भिवंडी
कुठली चाळ? अजून नग शिल्लक आहेत का?