काखेतीत (जॉर्जियातला वाइनचा प्रदेश) मुक्काम कुठे करावा? तेलावी की सिघनाघी?

मंडळी, सप्टेंबरअखेरीस आईबाबांना घेऊन जॉर्जियाला जातोय. तिबिलिसी झटपट उरकून काखेतीत निवांत राहायचा बेत आहे. तेव्हा तिथे र्त्वेली, म्हणजे द्राक्षतोडणी चालू असते. बाबांची दिंडोरीला द्राक्षबाग असल्याने त्यांना पिण्यापेक्षा वेली बघण्यात जास्त रस! त्यातून त्यांनी क्वेव्रीचं वेड घेतलंय: जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण. पांढऱ्या द्राक्षांचा रस सालीबियांसकट महिनोन्‌महिने त्यात मुरतो, म्हणून वाइनला मधासारखा रंग येतो. २०१३ साली युनेस्कोने या पद्धतीला वारशाचा दर्जा दिला.

सिघनाघी दिसायला देखणं, पण चढउतार फार, आणि आईचे गुडघे दुखतात. तेलावीहून अलावेर्दीचा मठ, त्सिनांदालीची जुनी हवेली जवळ. कुठे राहावं?

तिबिलिसीहून तेलावीला गोंबोरीच्या घाटाने जावं की गुरजानीवरून? आईला गाडी लागते. घरची मरानी (वाइन बनवायची-साठवायची जागा) असलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या बागेत तोडणीला हात लावू देतात का, आधी कळवावं लागतं का? आणि आम्ही शाकाहारी. लोबियानी (राजमा भरलेली रोटी), अक्रोड भरलेली वांगी यांपलीकडे काय मिळेल? हिंदी किंवा इंग्रजी बोलणारा खात्रीचा ड्रायव्हर माहीत असेल तर मेसेज करा.