डीप पर्पल, पहिल्या अल्बमपासून: तुमचे अनुभव लिहा

यंदाच्या पावसाळ्यात डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचे सगळे स्टुडिओ अल्बम ओळीने ऐकले. १९६८चा ‘शेड्स ऑफ डीप पर्पल’ ते २०२४चा ‘=१’, एकूण २३. कॉलेजात आमची गाडी ‘इन रॉक’, ‘फायरबॉल’, ‘मशीन हेड’ यांच्यापुढे जायची नाही. गिटारवादक रिची ब्लॅकमोर नसेल तर तो बँडच नव्हे, असं मी भांडून सांगायचो. या वेळी कान इयान पेसच्या ड्रम्सवर जाऊन बसला. गायक बदलले, गिटारवादक बदलले, १९७६ ते १९८४ बँडच नव्हता, तरी सगळ्या अल्बमांवर असलेला माणूस तो एकटा. ‘फायरबॉल’मध्ये तो सुसाट पळतो. अलीकडच्या अल्बमांत कमी वाजवतो आणि मधल्या जागा मोकळ्या सोडतो. त्या जागा ऐकायला मला पन्नाशी गाठावी लागली.

तुम्ही परत ऐकलंत तेव्हा काय सापडलं? सविस्तर लिहा.

*

डोंबिवलीहून लिहितोय. माझ्याकडे ‘मेड इन जपान’ होता तो मित्राने भरून दिलेल्या साठ मिनिटांच्या कॅसेटवर. अल्बम सव्वा तासाचा. त्यामुळे ‘ए’ बाजू ‘द म्यूल’च्या ड्रम सोलोत तुटायची आणि ‘बी’ बाजू ‘स्पेस ट्रकिन’च्या मध्यावर. कितीतरी वर्षं ते गाणं माझ्यासाठी तिथेच संपत होतं. मागच्या महिन्यात पहिल्यांदा सलग वीस मिनिटं ऐकलं. कॅसेट जिथे थांबायची तिथे हात आपोआप टेपरेकॉर्डरकडे जातो तसा उठला, आणि पुढे जॉन लॉर्डचा ऑर्गन सुरूच होता. ऑगस्ट १९७२मध्ये ओसाका आणि टोकियोत तीन रात्री केलेलं हे ध्वनिमुद्रण. रंगात आलेली मैफल म्हणतात ती हीच. स्टुडिओतली गाणी मला त्यानंतर आखडलेली वाटतात, ‘मशीन हेड’चीसुद्धा.

*

‘मशीन हेड’ला आखडलेला म्हणू नका हो! मी झुरिकला राहते, तो अल्बम जिथे झाला त्या तळ्याकाठच्या मोंत्रोला दोनदा जाऊन आले. ४ डिसेंबर १९७१ला फ्रँक झाप्पाच्या कार्यक्रमात कोणीतरी फ्लेअर, म्हणजे इशाऱ्याचा पेटता बाण, उडवला आणि तिथला कॅसिनो जळाला. तिथेच यांचं ध्वनिमुद्रण व्हायचं होतं. मग दुसऱ्या एका सभागृहात गेले, तिथे आवाजाबद्दल तक्रारी आल्या. शेवटी हिवाळ्यात रिकाम्या पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळात गाद्या उभ्या करून वाजवलं. ध्वनिमुद्रणाची गाडी बाहेर. वाजवलेलं ऐकायचं तर खोल्या, बाल्कन्या ओलांडत तिथवर जावं लागे. त्यांनी हळूहळू जाणंच सोडलं आणि आपल्या वाजवण्यावर भरवसा ठेवला. तळ्यावर सकाळी धुकं असताना मी त्याच आगीवरचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ लावलं. गिटार शिकणारा प्रत्येक जण ते सूर वाजवतो म्हणून मला त्या गाण्याचा कंटाळा आला होता. तो तिथे गेला.

*

एप्रिल १९९५, मुंबई. डीप पर्पलचा कार्यक्रम, मी होतो त्या गर्दीत. ब्लॅकमोर दीड वर्षापूर्वी सोडून गेलेला, त्याच्या जागी स्टीव्ह मोर्स. मी मनातून रुसूनच गेलो होतो. पुढच्या वर्षी ‘पर्पेंडिक्युलर’ आला, तो विकतही घेतला नाही. आता ऐकला. ‘समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग’ची गिटार ऐकून इतकं वाईट वाटलं! ज्याला मी पाहुणा समजत होतो तो पुढे २०२२पर्यंत राहिला, ब्लॅकमोरपेक्षा जास्त वर्षं.

आणखी एक. ‘चाइल्ड इन टाइम’ची मूळ धून ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या अमेरिकन बँडच्या व्हायोलिनवरच्या रचनेतून घेतलेली आहे, आणि त्या रचनेचं नाव ‘बॉम्बे कॉलिंग’. दोन्ही लागोपाठ ऐका. धून तीच, पण यांनी लय उतरवली आणि तीत गायक इयान गिलनची किंकाळी आली.

*

‘कम टेस्ट द बँड’बद्दल कोणीच बोलत नाही. १९७५चा, गिटारवादक टॉमी बोलिनचा यांच्यासोबतचा एकमेव स्टुडिओ अल्बम. त्याला डीप पर्पलच्या मापाने मोजू नका, नुसता ऐका. बोलिन ४ डिसेंबर १९७६ला गेला, मोंत्रोच्या आगीनंतर बरोबर पाच वर्षांनी. वय २५.

*

मी सांगलीची, पेटी वाजवते. रॉक माझ्या मुलाचं. त्याने ‘लेझी’ ऐकवलं आणि सुरुवातीचा ऑर्गन ऐकून मी हातातलं काम ठेवलं. पेटीची पट्टी जोरात दाबा नाहीतर हळू, आवाजात फरक भात्याने पडतो. त्याच्या हॅमंड ऑर्गनचंही तसंच आहे, फक्त भात्याचं काम पायाखालचं पेडल करतं. जॉन लॉर्ड तो ऑर्गन गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधून काढायचा, म्हणून सूर असा खरखरीत, घसा बसलेल्या गवयासारखा. हाच माणूस १९६९मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पूर्ण वाद्यवृंदासोबत स्वतःची रचना घेऊन बसला होता. दोन्हीकडे त्याचा श्वास ओळखू येतो.

तो २०१२मध्ये गेला. पुढच्या वर्षीचा ‘नाउ व्हॉट?!’ त्याला अर्पण केलेला आहे, त्यात ऑर्गनवर डॉन एअरी. ‘अनकॉमन मॅन’ मुलाबरोबर बसून ऐकलं. एअरी लॉर्डची नक्कल करत नाही, त्याच्या वाटेवरून चालतो. गाणं संपल्यावर मुलगा म्हणाला, आई, तुझी पेटी काढ.