हॉलमध्ये आडोसा हवाय, भिंतीला हात न लावता

कोपरा_हवा: घर भाड्याचं. हॉल एकच आणि त्यात आम्ही तिघं काम करतो. माझी पाठ दाराकडे, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण माझ्या स्क्रीनवर नजर टाकून जातो. भोकं पाडायची नाहीत, सुतार बोलवायचा नाही, आणि बजेट एका साध्या खुर्चीचं. काय घेऊ?

सागवानी: बजेट थोडं वाढवाच. उंच पाठीचा सोफा घ्या. बुरुलेक बंधू या फ्रेंच डिझायनरांनी व्हिट्रा या स्विस फर्निचर कंपनीसाठी 'अल्कोव्ह' नावाचा केला होता, त्यावरून आम्ही आमच्या सोफ्याची पाठ आणि दोन्ही बाजू डोक्याच्या वर नेल्या. आत बसलं की घरच्यांना मी दिसत नाही, फक्त माझे पाय दिसतात.

मधलीसुट्टी: सोफ्याला +१.

धनुकली: अहो, खुर्चीचं बजेट म्हणालेत ते! दोन्हीकडून उघडं बुकशेल्फ मधोमध लावा. खालचे खण गच्च भरायचे, वरचे मोकळे ठेवायचे, म्हणजे उजेड अडत नाही. आमचं कित्येक वर्षं उभं आहे.

गुरुत्वमध्य: भिंतीला न बांधलेलं उंच शेल्फ? आमचं मांजर वर चढलं आणि शेल्फ आडवं झालं. मांजर ठणठणीत आहे, मॉनिटर गेला. भोकं पाडायची नसतील तर कमरेएवढंच घ्या आणि जड सामान तळाला ठेवा.

धनुकली: आमच्याकडे मांजर नाही.

आवाज_कमी: आधी ठरवा, नजर अडवायचीय की आवाज? बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १२० सेंमीवर असतात, म्हणून बसलेल्यांपासून लपायला १४० सेंमीचं पॅनल पुरतं. चालत जाणारा मात्र त्याच्या वरून आरामात बघतो. आवाजाचं म्हणाल तर तो पॅनलच्या वरून वळसा घालून येतोच. फेल्ट, फोम आवाज शोषतात. अडवायला वजन लागतं. कॉलवर बोलत असाल तर मऊ काहीतरी तोंडासमोर हवं, पाठीमागे लावून उपयोग शून्य.

इतिहासजमा: अवांतर: पॅनल म्हटलं की लोक क्युबिकलला, म्हणजे ऑफिसातल्या पॅनलच्या खुराड्यांना, शिव्या घालतात. डिझायनर रॉबर्ट प्रॉप्स्टने हर्मन मिलर या अमेरिकन फर्निचर कंपनीसाठी १९६८ मध्ये 'ॲक्शन ऑफिस' नावाच्या ऑफिस फर्निचरची पॅनलं आणली ती माणसाला मोकळीक मिळावी म्हणून, तीही १२० अंशांच्या ऐसपैस कोनात. कंपन्यांनी ती काटकोनात दाटीवाटीने कोंबली. पुढे प्रॉप्स्ट स्वतःच त्यावर वैतागला होता.

सागवानी: म्हणूनच सोफा.

इतिहासजमा: सोफ्यात नवीन काय आहे? कानाशी पंख असलेली विंग चेअर कित्येक शतकं जुनी.

सागवानी: नवीन आहे असं कोण म्हणालं?

फुकट_फौजदार: टेबल फिरवा. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. खर्च शून्य. एवढी चर्चा कशाला?

मधलीसुट्टी: मीही टेबल फिरवाच म्हणणार होतो.

कोपरा_हवा: सगळ्यांचे आभार. टेबल फिरवलं तर खिडकी थेट स्क्रीनच्या मागे येते, दिवसभर डोळ्यांवर तिरीप. सोफा परवडत नाही आणि शेल्फची आता भीती बसलीय. शेवटी कपडे टांगायचा चाकांचा स्टँड आणला, माझ्या डोक्याहून उंच, आणि त्यावर जुनी जाड रजई टाकली. रात्री ढकलून भिंतीशी लावतो.

गुरुत्वमध्य: चाकांना लॉक आहे ना?

आवाज_कमी: रजई पाठीमागे टाकलीत? तोंडासमोर हवी म्हणून एवढं लिहिलं मी!

कोपरा_हवा: पाठीमागेच. आवाजाचं मी विचारलंच नव्हतं.