शब्दचर्चा : ‘एथ्निक’ला ‘वांशिक’ म्हणावे का?

प्रश्न
आग्नेय युरोपातील बोस्निया या देशाच्या राजकारणावरील एका लेखाच्या मराठी मसुद्यात ‘एथ्निक’ला सगळीकडे ‘वांशिक’ केले आहे : वांशिक गट, वांशिक पक्ष, वांशिक शुद्धीकरण. ‘नॅशनॅलिटी’ला ‘राष्ट्रीयत्व’ केले आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर
सरसकट नाही. ‘रेस’साठी आपण ‘वंश’ आधीच वापरून टाकला आहे, तिथेच घोळ होतो. १९४८च्या नरसंहारविरोधी कराराचे दुसरे कलम घ्या. त्यात चार प्रकारचे गट आहेत : नॅशनल, एथ्निकल, रेशियल आणि रिलिजस. मधल्या दोघांनाही ‘वांशिक’ लिहिले की चाराचे तीन होतात आणि कायद्याचा अर्थच बदलतो. १९६५च्या वंशभेदविरोधी करारात तर ‘डिसेंट’ (कुळपरंपरा) हाही वेगळा येतो आणि त्यालाही आपल्याकडे ‘वंश’च सुचतो.

बोस्नियात हा शब्द आणखी फसवा ठरतो. सर्ब, क्रोएट आणि बोस्नियाक हे तिघेही दक्षिण स्लाव, म्हणजे एकाच भाषाकुळातले शेजारी. एकमेकांची भाषा त्यांना शिकावी लागत नाही. पावाला क्रोएट ‘क्रूह’ म्हणतो, सर्ब ‘ह्लेब’ म्हणतो. कॉफी एकाची ‘कावा’, दुसऱ्याची ‘काफा’, बोस्नियाकाची ‘काह्वा’. वेगळेपण उभे राहते ते कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि इस्लाम या परंपरांवर. ‘परंपरा’ म्हणायचे कारण असे, की देव न मानणारा माणूसही तिथे सर्ब किंवा क्रोएटच राहतो. ‘वांशिक संघर्ष’ वाचून मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर वेगळ्या रंगरूपाची माणसे येतात, आणि तिथे तर तसे काहीच नाही.

पर्यायही तपासून घ्या. ‘जमात’ म्हटले की आदिवासी जमात आठवते, शिवाय ‘जमातवाद’ धर्माच्या राजकारणासाठी रूढ आहे. ‘जातीय’ मराठीत जातीकडे किंवा धार्मिक दंगलीकडे जातो. हिंदीतला ‘नृजातीय’ नेमका आहे, पण सर्वसाधारण वाचक त्याला अडखळतो. माझी पसंती ‘जनसमूह’ला : ‘बोस्नियातील तीन जनसमूह’, ‘जनसमूहनिष्ठ पक्ष’.

दुसरे उत्तर
‘वांशिक’ इतका टाकाऊ नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने अशा गटाची ओळख सांगताना भर दिला तो समान पूर्वजांवरच्या श्रद्धेवर, मग प्रत्यक्ष रक्तसंबंध असो वा नसो. मराठीत ‘वंश’ म्हणजे ‘रेस’ नंतर, आधी कुळाची वेल. ‘आपण एका मुळाचे’ ही भावना तो शब्द चांगली पकडते. म्हणून गट स्वतःबद्दल जो दावा करतो तो सांगताना ‘वांशिक’ ठेवायला हरकत नाही. लेखक स्वतः वर्णन करत असेल तिथे मात्र ‘जनसमूह’ बरा. कायद्याच्या मजकुरात ‘एथ्निक’ आणि ‘रेशियल’ला दोन वेगळे शब्द हवेतच.

प्रश्नकर्ता
आणि ‘राष्ट्रीयत्व’? मसुद्यात युगोस्लाव्हियाच्या (बोस्निया ज्याचा तेव्हा भाग होता तो देश) १९७१च्या जनगणनेचा उल्लेख आहे, तिथे वाक्य जुळत नाही.

पहिले उत्तरदाते
जुळणार नाही, कारण आपल्या अर्जांत ‘राष्ट्रीयत्व : भारतीय’ म्हणजे नागरिकत्व. युगोस्लाव्हियात नागरिकत्व सगळ्यांचे एकच होते. त्याखाली ‘नारोद’ म्हणजे सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन असे घटक लोक, आणि ‘नारोदनोस्त’ म्हणजे अल्बानियन, हंगेरियन असे, ज्यांचा राष्ट्रीय देश सीमेपलीकडे होता. दोघांना एकच मराठी शब्द दिलात तर युगोस्लाव्हियाच्या १९७४च्या घटनेतला वाद कळणारच नाही. सोव्हिएत पासपोर्टातही हाच भेद होता : मॉस्कोतल्या ज्यू माणसाचे नागरिकत्व सोव्हिएत, ‘नात्सिओनाल्नोस्त’ ज्यू.

१९७१च्या जनगणनेत ‘मुस्लिमान’ हा घटक लोकांपैकी एक म्हणून मोजला गेला. त्यांच्या लिपीत मोठ्या ‘एम’ने लिहिला तर लोकसमूह, छोट्या ‘एम’ने लिहिला तर इस्लामचा अनुयायी. देवनागरीत मोठे-छोटे अक्षर नाही, म्हणून हा भेद आपल्याला शब्दांनीच सांगावा लागतो : ‘मुस्लिमान (लोकसमूह)’. १९९३पासून त्यांनी ‘बोस्नियाक’ हे नाव घेतले. ‘बोस्नियन’ म्हणजे बोस्नियाचा कोणीही रहिवासी, सर्बसुद्धा. हे दोन शब्द अदलाबदलीने छापणे ही मराठी बातम्यांतली नेहमीची चूक आहे, आणि त्याने आकडेही खोटे ठरतात. २०१३च्या जनगणनेत बोस्नियाक सुमारे ५०, सर्ब ३१ आणि क्रोएट १५ टक्के होते.

दुसरे उत्तरदाते
‘एथ्निक क्लेन्झिंग’साठी ‘वांशिक शुद्धीकरण’ तर मुळीच नको. ‘शुद्धीकरण’ म्हटले की आपल्याला पाणी, यंत्र, विधी आठवतात, म्हणजे काहीतरी चांगले घडले असा भास होतो. हा शब्द करणाऱ्यांच्या तोंडचा आहे. दुसऱ्या समूहाला बळाने किंवा धाकाने एखाद्या भागातून हुसकून लावणे, हा त्याचा अर्थ. ‘सक्तीची हकालपट्टी’ लिहा, पहिल्यांदा मूळ शब्द अवतरणात द्या. आणि ‘नरसंहार’शी गल्लत करू नका. त्यासाठी समूह पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. बोस्नियातल्या युद्धात स्रेब्रेनित्सा या गावी जुलै १९९५मध्ये आठ हजारांहून अधिक पुरुष व मुलगे मारले गेले. २००७मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्यालाच नरसंहार ठरवले, त्या युद्धातल्या प्रत्येक हकालपट्टीला नाही.

पहिले उत्तरदाते
एक राहिले. बोस्नियातले युद्ध संपवणाऱ्या १९९५च्या डेटन करारातल्या घटनेत बोस्नियाक, क्रोएट, सर्ब हे घटक लोक आणि त्यांच्यासोबत ‘इतर’ असा उल्लेख आहे. तीन सदस्यांच्या अध्यक्षमंडळासाठी ‘इतर’ना उभेच राहता येत नाही. एका रोमा (युरोपातला एक अल्पसंख्य समाज) आणि एका ज्यू नागरिकाने दाद मागितली, तेव्हा २००९मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. मसुद्यात ‘व इतर’ असे साधे लिहून पुढे जाऊ नका. अवतरणचिन्हे टाका, कारण तिथे ‘इतर’ हे माणसांना दिलेले घटनात्मक नाव आहे.