एप्रिलच्या शेवटी न्यूकॅसलला चाललोत, तिकडं अजून थंडीच हाय म्हणतेत, खरं का?

परभणीकर_बाबा
नमस्कार मंडळी. लेक आणि जावई इंग्लंडला न्यूकॅसलला असतेत, मी आणि आमच्या सौ. पहिल्यांदाच तिकडं चाललोत. इथं परभणीत पारा ४१ च्या पुढं गेलाय, दुपारी रस्त्यावर माणूस दिसंना, कूलरला पाणी टाकून टाकून जीव मेटाकुटीला आलाय, आणि लेक रोज व्हिडिओ कॉलवर स्वेटर घालून बसलेली दिसायली. मागं खिडकीत बघावं तर आभाळ निरं राखेच्या रंगाचं. ती म्हणते बाबा जाड जॅकेट घेऊनच या, यंदा इकडं झाडाला पानं पण धड फुटली नाहीत. मला एक कळंना झालंय, तिकडं आता दिवस आपल्यापेक्षा मोठा, रात्री आठला पण खिडकीत उजेड असतो, मग एवढा उजेड असून गरम कामून होत नाही?
दुसरं म्हणजे सौ.चं म्हणणं की बरेच दिवस राहायचंच हाय तर लेकीला तिथंच कुरडया घालून देते, वाळवणाची सगळी तयारी करून बसल्यात. जॅकेट इथंच घ्यावं का तिकडं? इथं दुकानात एप्रिलमधी स्वेटर मागितलं तर दुकानदार तोंडाकडं बघायला.

गोदाकाठचा
काका मी नांदेडचा, आता संडरलंडला, म्हणजे तुमच्या लेकीच्या शेजारीच म्हणा. ताई खरं सांगायल्यात. आपला पूर्व किनारा, समोर नॉर्थ सी, त्याचं पाणी एप्रिलमधी ७-८ अंशाच्या आसपास असतंय आणि वारं पूर्वेकडून सुटलं की ते सगळं गारठं घेऊन सरळ घरात. कधी कधी तर असं होतंय की दहा-पंधरा मैल आत छान ऊन पडलेलं असतंय, पोरं टीशर्टवर, आणि इकडं टाइनमाऊथला समुद्रावरून धुकं येऊन बसलंय ते दुपारपर्यंत हलायलाच तयार नाही. डॅफोडिलची पिवळी फुलं फुटलेली असतेत पण वाऱ्यानं मान टाकून पडलेली.
कुरडयाचं मात्र मावशींना आत्ताच समजावून सांगा 😄 इथं परसात दोरीवर सकाळी टाकलेला टॉवेल संध्याकाळी जसाच्या तसा ओला काढावा लागतोय, चिकाच्या कुरडया वाळायच्या ऐवजी आंबून जातील. परभणीच्या उन्हात घालून डबा भरून आणा, ते लई शहाणपणाचं.
जॅकेट तिकडून आणू नका. आपल्याकडं मिळतंय ते फुगीर असतंय पण वारं आणि रिमझिम दोन्ही अडवत नाही. इथं चॅरिटीच्या दुकानात वापरलेली चांगली जॅकेटं स्वस्तात मिळतेत. येताना आत घालायला थर्मल, कानटोपी, पायमोजे एवढंच आणा. छत्रीच्या भानगडीत पडू नका, उलटी होती. आणि घरात पण स्वेटर लागंल बरं का, एप्रिल लागला की गॅसच्या बिलाच्या धाकानं लोकं हीटिंग बंद करतेत, मग बाहेरच्यापेक्षा आतच जास्त गारठायला होतंय.

लातूरचा_मास्तर
उजेडाच्या प्रश्नाचं सांगतो, भूगोल शिकवण्यात जन्म गेला. दिवस किती तासांचा यापेक्षा सूर्य किती वर चढतो याला जास्त महत्त्व. एप्रिलच्या शेवटी परभणीत भर दुपारी सूर्य जवळपास ८५ अंशांवर म्हणजे डोक्यावरच, आणि न्यूकॅसलला कसाबसा ५० अंशांपर्यंत. ऊन तिरपं, त्यात ढग. शिवाय चारी बाजूंनी समुद्र, आणि तिथलं पाणी सगळ्यात गार असतं ते फेब्रुवारी-मार्चमधेच, ते तापता तापता ऑगस्ट उजाडतो.
पण वसंत खरा लांबतो तो वाऱ्यामुळे. एरवी ब्रिटनवर पश्चिमेकडून अटलांटिकचा उबदार वारा येतो. ग्रीनलंडवर किंवा स्कँडिनेव्हियावर जास्त दाबाचा पट्टा ठाण मांडून बसला की ती वाट बंद, मग उत्तर-पूर्वेची हवा आठवडेच्या आठवडे. २०१३ चा मार्च असाच गेला, देशाचं सरासरी तापमान २.२ अंश, १९६२ नंतरचा सगळ्यात थंड मार्च, आणि गंमत म्हणजे त्या हिवाळ्यातल्या डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीपेक्षाही थंड. मार्चच्या शेवटी एवढा बर्फ पडला की ऐन वेताच्या हंगामात वेल्स, कंब्रिया, उत्तर आयर्लंडकडे मेंढ्या नि कोकरं ढिगाखाली गाडली गेली. २०१४ च्या गारपिटीत आपल्या मराठवाड्यात काढणीला आलेला गहू-हरभरा झोपला तेव्हा मला तिथले ते मेंढपाळ आठवले होते.

औंढ्याचा_पोट्टा
अरे उगं कशाला घाबरवता काकांना 🙏 मी लंडनला आहे, २०२५ चा वसंत तर ब्रिटनच्या नोंदीतला सगळ्यात उबदार आणि सगळ्यात जास्त उन्हाचा होता, पार्कात लोकं चटया टाकून पडले होते. आणि २०२४ चा पण त्या वेळी रेकॉर्डच होता सरासरीत.

गोदाकाठचा
२०२४ चं नावच नको काढू भाऊ. ढगांमुळं रात्री गरम राहिल्या म्हणून सरासरी चढली, दिवसा आम्हाला ऊन कुठं दिसलं? आकडा रेकॉर्डचा आणि अंगात जॅकेट. लंडनचं लंडनला ठेव, मे मधी तुझ्याकडं दुपारी १८ असतंय तेव्हा आमच्या किनाऱ्यावर १३-१४ वर गाडी अडकलेली असती. काका, तारीख बघून कपडे भरू नका, रोज सकाळी वारं कुठून वाहायलंय ते बघायचं. पश्चिमेचं असलं तर हिंडून घ्या, पूर्वेचं असलं तर घरात चहा.

डॉक्टरीण_उदगीर
एक राहिलं. तिकडं ऑक्टोबर ते मार्चमधे सगळ्यांनाच रोज १० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी घ्यायला सांगतात आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी वर्षभर घ्यावं असा तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला आहे. लेकीला विचारा घेते का. पोरं हाडं दुखतात, उदास वाटतं म्हणून फोनवर सांगतात आणि आपण म्हणतो घरची आठवण येत असेल.

परभणीकर_बाबा
लई उपकार झाले सगळ्यांचे. लेकीला विचारलं, गोळ्या आणून ठेवल्यात पण खात नाही म्हणली, आता तिची आई बघून घेईल. कुरडया आजपासून गच्चीवर सुरू झाल्या, मला कावळे हाकलायला बसवलंय. सोबत कुंथलगिरीचे पेढे आणले तर चालतेत का?

गोदाकाठचा
नाही काका, दुधाचं काही आणू देत नाहीत, पेढे-खवा-तूप एअरपोर्टवरच काढून घेतेत. शेंगदाण्याची चटणी आणा, आणि जमलं तर माझ्यापुरती पण.