अनुभव धागा: झुडपांचे हत्ती पाहायला नेलेली सहल

आमच्या शाळेची सातवीची सहल यंदा मुंबईच्या मलबार हिलवरील फिरोजशहा मेहता उद्यानात, म्हणजेच हँगिंग गार्डनमध्ये, न्यायचे ठरत आहे. जलाशयाच्या माथ्यावर १८८१ मध्ये वसवलेल्या या बागेत झुडपे छाटून त्यांना प्राण्यांचे आकार दिलेले आहेत. अशी सहल ज्यांनी नेली असेल, त्यांनी आखणी कशी केली आणि ती कुठे फसली, ते कृपया लिहावे.

विज्ञान शिक्षिका, डिचोली:
पहिल्या वर्षी आम्ही रात्रीच्या कोकणकन्येने निघालो आणि गाडीतून उतरल्यावर थेट बागेत गेलो. झोप न झालेल्या मुलांनी हत्तीपाशी छायाचित्रे काढून घेतली आणि अर्ध्या तासात समोरच्या कमला नेहरू उद्यानातील म्हातारीच्या बुटाकडे धाव घेतली. चूक माझीच होती, कारण पाहायचे काय, हे मी त्यांना सांगितलेच नव्हते. पुढच्या खेपेस दोन महिने आधी शाळेच्या आवारात कोयनेलची रोपे लावून निम्म्यांचे शेंडे खुडले. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक बगलेतील कळ्यांना दाबून ठेवते आणि शेंडा गेला की त्या फुटतात, हे मुलांनी रोजच्या नोंदींतून स्वतः पाहिले. त्यानंतर बागेत गेल्यावर तीच मुले पानांत डोके खुपसून आतला तारेचा सांगाडा शोधू लागली. छाटणी करणारे एक माळीकाका भेटले, हे मात्र निव्वळ नशीब. तुम्ही उद्यान खात्याला आधीच पत्र लिहून छाटणीचा दिवस विचारून घ्यावा.

पालक, फोंडा:
पिवळी फळे धरणारी दुरंटाची कुंपणे अनेक बागांत असतात. ती फळे विषारी असल्याची सूचना संमतीपत्रातच छापावी.

निवृत्त चित्रकला शिक्षक, पेडणे:
निघण्यापूर्वी मी वर्गात फ्रेंच चित्रकार जॉर्ज सुरा यांचे ग्रांद जात बेटावरील रविवारच्या दुपारचे चित्र आणि अमेरिकेतील कोलंबस शहराच्या बागेची छायाचित्रे शेजारी शेजारी लावली. त्या बागेत हेच चित्र यू नावाच्या सदाहरित झाडांतून उभे केले असून त्यात ५४ माणसे आणि ८ होड्या आहेत. मग मुंबईच्या बागेत प्रत्येकाला एकाच झुडपाची तीन बाजूंनी रेखाटने करायला लावली. समोरून जिराफ दिसणारे झुडूप मागून नुसते झुडूपच दिसते, यावर मुलांनी इतका वाद घातला की जेवणाची वेळ टळली. वेळापत्रकात या कामाला किमान दीड तास द्यावा.

पालक, वाळपई:
सहलीहून परतलेल्या माझ्या मुलीने विचारले, "बाबा, त्या झाडांना फळ कधी धरते?" आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, कोयती चालते ती पिकासाठी, त्यामुळे केवळ आकारासाठी झाड वर्षभर छाटत राहायचे, हे तिला पटेना. सारखी छाटणी झाली की फुलाचे कोंबही कापले जातात, हे मी तिला आमच्या दारच्या मेंदीवर दाखवले. हा प्रश्न शिक्षकांनी बागेतच विचारून घेतला असता, तर बरे झाले असते.